सोलापूरच्या माळावर साप, सरडे, बेडूक राहतात ती जागा कशी तपासायची

माळाची पाहणी करायला निघालेली बहुतेक मंडळी आधी झाडं शोधतात, मग पाणी शोधतात, आणि दोन्ही दिसलं नाही की वहीत 'पडीक' असं लिहून परत येतात. सोलापूरकडं हे अजिबात चालत नाही. जिल्ह्याचा सरासरी पाऊस साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, सांगोला-माळशिरसकडं तर त्याहून कमी, तो पण जून-जुलैमध्ये हुलकावण्या देतो आणि सगळ्यात जास्त सप्टेंबरात पडतो, मे महिन्यात पारा ४२-४३ ला सहज जातो, आणि तरीसुद्धा याच माळावर घोरपड आहे, मांडूळ आहे, फुरसं आहे, सापसुरळ्या आहेत, गळ्याला रंगीत पंखा असलेले फॅन-थ्रोटेड सरडे आहेत, आणि वर्षातले आठ-नऊ महिने जमिनीत गाडून घेतलेले बेडूक पण आहेत. हे सगळे बिळं, दगडाखालची पोकळी, काळ्या रानातल्या भेगा आणि पावसात महिना-दीड महिना टिकणारं डबकं यांच्या जीवावर जगतात.

म्हणून पाहणीत दोन प्रश्न कायम डोक्यात ठेवा. भर दुपारी बारा वाजता हा प्राणी लपणार कुठं? आणि पडलेलं पाणी इथं किती दिवस थांबणार? बाकी सगळी मोजमापं या दोन प्रश्नांची उत्तरं काढण्यासाठीच आहेत. कॉलेजचा प्रोजेक्ट असो, गावच्या जैवविविधता समितीचं काम असो किंवा स्वतःच्या रानात काय काय आहे ते बघायचं असो, पद्धत हीच वापरा.

आधी नकाशा उघडा

थेट गाडी काढून जाऊ नका. गुगल अर्थवर आपला भाग उघडा आणि जुन्या सालांची चित्रं मागं-पुढं करून बघा, शक्यतो एक एप्रिल-मेचं आणि एक ऑक्टोबरचं. उन्हाळ्याच्या चित्रात पण ज्या बारीक रेषा हिरवट दिसतात ते ओढे, जिथं पांढरट-तांबूस डाग आहेत तिथं मुरूम उघडा पडलाय, निळे-काळे नीट चौकोन म्हणजे प्लास्टिकची शेततळी, आणि वेडेवाकडे खड्डे म्हणजे दगडखाण नाहीतर मुरूम उपसा. दहा वर्षांपूर्वी काय होतं आणि आता काय आहे हे शेजारी शेजारी ठेवून बघितलं की निम्मी गोष्ट घरीच कळते. इस्रोचं भुवन पोर्टल पण फुकट आहे, ते पण वापरा.

मग तलाठ्याकडून किंवा ऑनलाइन गाव नकाशा काढा आणि गट नंबर लावा. कुठलं गायरान, कुठली वनखात्याची जमीन, कुठलं खाजगी, हे आधी कळलं पाहिजे, कारण परवानगी त्याप्रमाणं लागते. नान्नजचं माळढोक अभयारण्य १९७९ सालापासूनचं आहे आणि त्याचे तुकडे गावोगावच्या माळांत विखुरलेत, तेव्हा 'इथं तर काहीच बोर्ड नाही' म्हणून आत शिरू नका, वनखात्याची लेखी परवानगी घ्या. आणि कुठल्याही जागेवर, स्वतःच्या शेतात सुद्धा, प्राणी पकडायचा नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे, घोरपड त्यात पहिल्या अनुसूचीत येते. या लेखातली सगळी पद्धत बघणे, मोजणे, फोटो काढणे एवढ्यावरच चालते, फक्त बेडकाची पिल्लं तेवढी दोन मिनिटं डब्यात घेऊन बघायची आहेत, खड्डे खणून सापळे लावायची पद्धत मी मुद्दाम दिलेली नाही, ते काम परवानगी असलेल्या अभ्यासकांचं.

सोबत काय घ्यायचं

घोट्याच्या वर येणारे बूट, जाड फुल पॅंट, चामड्याचे हातमोजे, हेडटॉर्च आणि एक हातातली टॉर्च, दीड मीटरची मजबूत काठी, मेजर टेप, फोनमध्ये जीपीएसचं ॲप, इन्फ्रारेड थर्मामीटर मिळाला तर उत्तम, पांढरा प्लास्टिकचा डबा, वही. पाणी माणशी तीन-चार लिटर. एकट्यानं जाऊ नका आणि घरी सांगून जा.

साप चावला तर काय करायचं हे निघण्याआधी सगळ्यांना तोंडपाठ पाहिजे. चावलेला भाग हलू द्यायचा नाही, आवळून दोरी बांधायची नाही, कापायचं नाही, चोखायचं नाही, १०८ ला फोन आणि सरळ दवाखाना. आपल्याकडची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही विषारी सापांवर चालते, त्यामुळे कुठला चावला हे ओळखण्यासाठी सापाच्या मागं धावत वेळ घालवायची गरज नाही. जवळच्या ग्रामीण रुग्णालयात लस आहे का हे आदल्या दिवशीच फोन करून विचारून ठेवा.

माळाचे तुकडे पाडा

लांबून सगळा माळ एकसारखा दिसतो, पण प्राण्यांच्या दृष्टीनं तो तसा नाही. आपल्याकडं साधारण असे तुकडे मिळतात: उघडा मुरमाड माळ, खडक वर आलेला पट्टा, कुसळी-पवन्याचं गवत असलेला भाग, काळ्या मातीचं रान, ओढा आणि त्याच्या काठची बाभूळ-बोराटी, दगडी ताली (दगड रचून घातलेले बांध), पाझर तलाव आणि शेततळी, जुन्या विहिरी, सोडून दिलेल्या खाणी. प्रत्येक तुकड्याला नकाशावर वेगळा नंबर द्या. एका तुकड्यात निदान पाच ठिकाणी १० बाय १० मीटरची चौकट आखा, दोरीनं किंवा चार दगड ठेवून, आणि ही ठिकाणं आपल्याला आवडली म्हणून निवडू नका, घरी नकाशावरच आधी टिंबं मारून ठेवा आणि तिथंच जा. नाहीतर होतं काय की माणूस जिथं सावली आहे, जिथं गाडी लागते, तिथंच मोजतो आणि सगळा माळ लई समृद्ध असल्याचा रिपोर्ट निघतो.

गवताचं प्रमाण मोजायला एक मीटरची चौकोनी फ्रेम पुरते, पीव्हीसी पाइपची करा. टाकायची आणि अंदाजानं लिहायचं: किती टक्के गवत, किती टक्के उघडी माती, किती दगड, गवताची उंची किती. इथं एक सांगतो, गवत जितकं दाट तितकं चांगलं असं समजू नका. फॅन-थ्रोटेड सरड्याला उघडी जमीन आणि मधूनमधून बसायला दगड लागतो, गच्च गवतात तो नसतो. उलट मारवेल गच्च वाढलेल्या कुरणात उंदीर येतात, उंदरामागं धामण आणि नाग येतात. म्हणजे मेंढ्या चरतात तो माळ वाईट आणि कुंपण घातलेला चांगला, असा सरसकट शेरा मारता येत नाही, दोन्ही पाहिजेत.

लपायच्या जागा, इथं सगळ्यात जास्त वेळ द्या

दगडांपासून सुरू करा. चौकटीत वितीपेक्षा मोठे दगड किती ते मोजा, आणि त्यातले मातीत रुतलेले किती, नुसते वर टेकलेले किती हे वेगळं लिहा. रुतलेल्या दगडाखाली जागाच नसते. टेकलेल्या दगडाखाली बोटभर फट असली तर पाल, सापसुरळी, विंचू, वाळा (गांडुळासारखा बारीक साप) यांचं घर तिथं असू शकतं. दगड उचलताना आपल्याकडची कड धरून उचलायचा नाही. पलीकडची कड काठीनं किंवा हातमोज्यानं वर घेऊन आपल्याकडं ओढायची, म्हणजे खाली घोणस नाहीतर फुरसं असलं तरी तुमच्या आणि त्याच्या मध्ये दगड राहतो आणि त्याला निघून जायची वाट पलीकडून मोकळी असते.

उचलल्यावर प्राणी नसला तरी लगेच ठेवू नका, दहा सेकंद नीट बघा. खालची माती ओलसर आहे का, वाळवीच्या मातीच्या नळ्या आहेत का, कात पडलीय का, एका टोकाला पांढरा ठिपका असलेली बारीक काळी लेंडी आहे का. हा पांढरा ठिपका म्हणजे युरिक ॲसिड, पालींची लेंडी अशीच ओळखायची. कोपऱ्यात कधी कधी छोटी पांढरी अंडी चिकटलेली असतात, ती पालीची, त्यांना हात लावायचा नाही. एवढं दिसलं की तो दगड 'वापरात' म्हणून लिहायचा, भले पाल समोर दिसो न दिसो. मग दगड जसा होता तसाच, त्याच खाचेत, त्याच बाजूनं परत ठेवायचा. प्राणी खाली असेल तर आधी त्याला बाजूला होऊ द्या, दगड टेकवा आणि मग तो आपल्या आपण आत जाईल. दगड उलटा टाकून पुढं गेलात तर खालचा ओलावा एका दुपारीत जातो आणि ती जागा पुढं कितीतरी दिवस कामाची राहत नाही. आणि सगळे दगड उचलायचे नाहीत, चौकटीतले दहातले तीन बास.

आता बिळं. तोंडाचा आकार, रुंदी, दिशा आणि ताजेपणा लिहा. तोंडावर जाळं आहे, पालापाचोळा साचलाय, तर बीळ सध्या बंद. ताजी भुगा माती बाहेर ढीग करून टाकलीय तर उंदीर किंवा घूस आत आहे. अर्धचंद्रासारखं चपटं, छोटं तोंड असलं तर बहुतेक वेळा मोठा विंचू, म्हणजे इंगळी. घोरपडीचं बीळ रुंद आणि थोडं चपटं असतं, आणि समोरच्या धुळीत बघितलं तर दोन्ही बाजूंना नख्यांचे ठसे आणि मधून शेपटीची एक नागमोडी रेघ ओढत गेलेली दिसते. ही रेघ सकाळी लवकर, तिरप्या उन्हात बघायची, दहा वाजल्यानंतर ऊन डोक्यावर आलं की दिसत नाही. बिळात हात घालायचा नाही, काठी घालायची नाही, धूर तर अजिबात करायचा नाही. मोबाइलचा टॉर्च लांबून मारून बघा, बास.

वारुळं वेगळी मोजा. वारूळ म्हणजे राहायला जागा आणि खायला वाळवी, दोन्ही एकाच ठिकाणी. नाग, मण्यार, धामण, घोरपड हे सगळे जुनी वारुळं वापरतात. जिवंत वारूळ आणि सोडलेलं वारूळ यातला फरक ओल्या ताज्या मातीवरून कळतो.

काळ्या रानातल्या भेगा तर बहुतेक लोक मोजतच नाहीत. आपली काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की आकसते, त्यामुळे मार्चनंतर रानाला भेगा पडतात, काही ठिकाणी मूठ जाईल एवढ्या रुंद आणि मीटरभर खोल सुद्धा. एक लोखंडी तार घ्या, तिच्यावर दर दहा सेंटीमीटरला खूण करा आणि भेगेत सोडून खोली मोजा. दहा मीटरच्या रेषेवर किती भेगा आडव्या येतात, रुंदी किती, खोली किती. रब्बी ज्वारी काढल्यावर नांगरट न केलेलं रान आणि लगेच ट्रॅक्टर घातलेलं रान, दोन्हीकडं मोजून बघा, केवढा फरक पडतो ते स्वतःच कळेल. भेगांमध्ये भेक, बेडूक, लहान साप उन्हाळा काढतात, आणि पहिल्या पावसात भेगा मिटायच्या आत बाहेर येतात.

दगडी ताली पण विसरू नका. जुन्या लोकांनी नुसते दगडावर दगड रचून घातलेल्या ताली असतात ना, त्यांच्या सांध्यांमध्ये जेवढ्या फटी तेवढी घरं. सिमेंटनं बांधलेल्या बांधाला फटी शून्य, म्हणून मार्क पण शून्य. घायपात आणि निवडुंगाची जुनी कुंपणं दिसली तर घोणशीची जागा समजून सावध राहा.

तापमान

हे काम छोटं आहे पण करायचंच. दुपारी एक ते तीन दरम्यान चार ठिकाणी तापमान घ्या: उघड्या मातीवर, दगडाच्या वर, त्याच दगडाच्या खाली, आणि झुडपाच्या सावलीत. सरडा असो की साप, यांचं शरीर बाहेरच्या उष्णतेवर चालतं, शरीराचं तापमान ४०-४२ च्या वर गेलं की बहुतेकांच्या जिवावर बेततं. त्यामुळे आकडा किती जास्त यापेक्षा चार जागांमध्ये फरक किती आहे हे बघा. पाच पावलांच्या आत तापलेली जागा आणि गार जागा दोन्ही असतील तर तो तुकडा भारी. सगळीकडं एकच तापमान असेल, मग ते सगळं उन्हात असो की सगळं गच्च सावलीत, तर सरड्यांना तिथं काही करता येत नाही. माळावर सरसकट गिरीपुष्पाची (ग्लिरिसिडिया) झाडं लावली की हेच होतं, उन्हाला बसायची जागाच संपते. हिरवं दिसलं की लोक टाळ्या वाजवतात, पण उघड्या माळावर जगणाऱ्या प्राण्यांचं घर त्यात गेलेलं असतं हे सांगावंच लागतं.

पाणी: खोली कमी महत्त्वाची, मुक्काम महत्त्वाचा

बेडकांसाठी हिप्परगा तलाव किंवा उजनीचं पाणी हेच महत्त्वाचं असं वाटत असेल तर ते अर्धंच खरं आहे. बारमाही पाण्यात पाण्यावरून उड्या मारत जाणारे स्किपर बेडूक असतात, दिवड असते, मऊ पाठीची कासवं असतात, ते ठीक. पण आपल्याकडच्या बऱ्याच जाती पावसात साचणाऱ्या तात्पुरत्या डबक्यातच अंडी घालतात, कारण तिथं मासे नसतात. तलावात तिलापिया, डबक्यात सोडलेले गप्पी, हे अंडी आणि बेडकाची पिल्लं खाऊन टाकतात. त्यामुळे प्रत्येक पाण्याच्या जागेपुढं 'मासे आहेत/नाहीत' हा रकाना पाहिजेच.

उन्हाळ्यात कोरडी असतानाच या जागा शोधा. तडकलेला गाळाचा पापुद्रा, खडकातल्या वाट्या, खाणीचा तळ, समतल चर, गाडीवाटेतली चाकोरी, पाझर तलावाचं वरचं उथळ टोक. आपल्याकडचे कित्येक पाझर तलाव १९७२ च्या दुष्काळात आणि नंतर रोजगार हमीत झालेत, गाळानं भरून उथळ झालेत, आणि हाच उथळपणा बेडकांना सोयीचा आहे. प्रत्येक जागी एक काठी रोवा, पाच-पाच सेंटीमीटरला पेंटनं खुणा करा, आणि गावातल्या कुणाला तरी, शाळेतली पोरं हे काम लई मन लावून करतात, आठवड्यातून दोनदा फोटो काढून पाठवायला सांगा. पाणी कधी साचलं, कधी आटलं, या दोन तारखा मिळाल्या की झालं. बहुतेक जातींना अंड्यापासून पायवालं पिल्लू होईपर्यंत साधारण तीन ते सहा आठवडे लागतात. दहा दिवसांत आटणारं डबकं कितीही भरलेलं दिसलं तरी तिथं पुढची पिढी होत नाही, आणि वाईट म्हणजे बेडूक तिथं अंडी घालून फसतात. म्हणून 'बेडूक ओरडत होते' एवढ्यावर जागेला चांगलं म्हणू नका, पिल्लं पाय फुटून बाहेर पडली का ते बघा.

पिल्लं बघायला डब्यात थोडं पाणी घ्या, पांढऱ्या तळावर ती नीट दिसतात, वरून आणि बाजूनं फोटो काढा आणि दोन मिनिटांत परत सोडा. हाताला क्रीम, ओडोमॉस काही लावलेलं नको. एका तळ्यातून दुसऱ्यात जाताना बूट घासून पूर्ण वाळवा, बेडकांच्या कातडीला होणारा बुरशीचा आजार अशा ओल्या चिखलातून पसरू शकतो.

ओढ्याच्या पाण्यापुढं फवारणीची पण नोंद करा. डाळिंबाच्या पट्ट्यात पंप धुवायला लोक ओढ्यावर येतात, रिकाम्या बाटल्या काठाला पडलेल्या असतात, त्या मोजा आणि फोटो घ्या. बेडकाची कातडी पातळ, पाण्यात जे असेल ते अंगात जातं.

प्राणी कधी आणि कसे शोधायचे

सरड्यांसाठी मार्च ते जून, सकाळी सात ते साडेदहा. शंभर मीटरची सरळ रेष धरून हळू चालायचं, दोन्ही बाजूंना दोन-दोन मीटरमध्ये दिसेल तेवढंच मोजायचं. फॅन-थ्रोटेड सरड्याचा नर याच दिवसांत दगडावर चढून मान वर करतो आणि गळ्याखालची घडी पुढं उघडतो, मिटतो, परत उघडतो, निळा-काळा-केशरी रंग एक क्षणभर चमकतो आणि तुम्ही एक पाऊल पुढं टाकलं की तो मागच्या दोन पायांवर पळत सुटतो. दिसला की जागीच थांबा, पाच मिनिटांत तो त्याच दगडावर परत येतो. जातीचं नाव लगेच लिहू नका. या सरड्यांमधून २०१६ साली सराडा नावाचा वेगळा वंश शास्त्रज्ञांनी मांडला, आणि बिळात राहणाऱ्या बेडकांमध्ये स्फेरोथेका पश्चिमा ही जात २०१७ ला नव्यानं आली, म्हणजे जुन्या पुस्तकातलं नाव आज बरोबर असेलच असं नाही. गळ्याचा, पाठीचा, पायाच्या तळव्याचा फोटो ठेवा, नाव तज्ज्ञ सांगतील.

बेडकांसाठी पहिला मोठा वळीव किंवा मृगाचा पाऊस पडलेली रात्र सोडायची नाही. टाचेजवळ फावड्यासारखा कठीण गोळा असलेले हे बिळातले बेडूक पायानं मागं मागं माती उकरत खाली गेलेले असतात, ते एका रात्रीत वर येतात, वाळवी खाणारे गोलमटोल बलून फ्रॉग येतात, मोठे बेडूक पिवळेधमक होऊन डबक्यात ओरडत बसतात. डबक्यापासून दहा मीटरवर टॉर्च बंद करून दोन मिनिटं गप उभं राहा, मग पाच मिनिटं ऐका आणि फोनवर रेकॉर्ड करा. आवाजाला असे मार्क द्या: काहीच नाही तर ०, एकेक वेगळा ऐकू आला तर १, एकमेकांवर चढतायत पण मोजता येतायत तर २, सगळा गोंधळ, मोजताच येत नाही तर ३. मायक्रोहायला नावाच्या नखभर बेडकाचा आवाज कंगव्यावरून नख फिरवल्यासारखा येतो, तो बेडूक दिसायला अवघड आहे, ऐकूनच नोंद करा.

रात्री टॉर्च कपाळावर, डोळ्यांच्या रेषेत धरा, मगच समोरच्याचे डोळे चमकतात. गवतात हिरवट-निळसर बारीक ठिपके चमकले तर ते कोळी, त्यांच्यामागं वेळ घालवू नका. पाऊस पडलेल्या रात्री डांबरी रस्त्यावर पण एक फेरी मारा, चिरडलेले किती, कुठल्या किलोमीटरला, ते लिहा. मेलेला प्राणी पण वाट दाखवतो, एकाच जागी दर पावसात बेडूक-साप चिरडत असतील तर त्यांची ये-जा करायची वाट तिथूनच आहे.

एकदा जाऊन 'नाही' लिहायचं नाही. एका हंगामात एका तुकड्यावर निदान तीन फेऱ्या, तेवढाच वेळ, तेवढीच माणसं. दोघं जण एक तास म्हणजे दोन मनुष्यतास, हे दर वेळी लिहा, नाहीतर दोन तुकड्यांची तुलनाच होत नाही. फुरसं, मांडूळ, शॅमेलिऑन म्हणजे आपला सरडगुहिरा, हे असून पण महिनोन् महिने न दिसणारे प्राणी आहेत.

माळावरच्या माणसाला विचारा

मेंढपाळ, ऊसतोड करणारे, विहीर खणणारे, जेसीबीवाले यांना जे माहिती असतं ते कुठल्या पुस्तकात नाही. फक्त विचारायची रीत पाहिजे. 'मामा, हितं घोरपड हाय का?' असं थेट विचारलं की समोरचा माणूस गप्प होतो, कारण त्याला वाटतं हा एकतर वनखात्याचा नाहीतर मांडूळ घेणारा. आधी बसा, मेंढरांचं, पावसाचं बोला, तुम्ही कशासाठी आलाय ते सरळ सांगा. मग 'मामा, मेंढरं दुपारी बसवता तिथं वारूळ वगैरे असतंय का, जनावर निघतंय का' एवढं विचारलं तरी ते स्वतःहून सांगत सुटतात, 'त्या खाणीकडं नका जाऊ, दगडात फुरसं लई हायत'. त्यांनी सांगितलेलं वेगळ्या रंगानं लिहा, स्वतः बघितलेलं वेगळं.

आणि इथं कळकळीनं सांगतो, मांडूळ, घोरपड, कासव यांचं नेमकं ठिकाण कुठल्याही ग्रुपवर टाकू नका. मांडुळाच्या नावावर धनलाभाच्या थापा मारून व्यवहार चालतात, घोरपड मटणासाठी मारतात, आणि 'हत्था जोडी' म्हणून पूजेसाठी विकतात ती कुठल्या झाडाची मुळी नसून घोरपडीचं लिंग असतं. आयनॅचरलिस्टवर नोंद करताना ठिकाण धूसर ठेवायचा पर्याय आहे, तो वापरा. तस्करीचा संशय आला तर वनखात्याचा १९२६ हा हेल्पलाइन नंबर आहे.

धोके मोजा

प्लास्टिक अंथरलेलं शेततळं हा आपल्याकडचा सगळ्यात मोठा आणि सगळ्यात कमी लिहिला जाणारा धोका. पाणी प्यायला उतरलेला साप, घोरपड, भेक, गुळगुळीत उतारावरून वर येऊच शकत नाही आणि दमून बुडतो. तळ्याचे चारही कोपरे बघा, मेलेलं काय तरंगतंय ते लिहा. कठडा नसलेल्या विहिरींचं पण तसंच. बाकी यादीत मुरूम उपसा, प्लॉटिंग, वणवा, वेडी बाभूळ, फोडलेल्या ताली, मोकाट कुत्री. उन्हाळ्यात गाळ काढायला जेसीबी लागतो तेव्हा त्याच गाळात कासव आणि बेडूक गाडून घेतलेले असतात, म्हणून गाळ काढायचं काम कुठं चाललंय, कुठं ठरलंय हे पण ग्रामपंचायतीत विचारून नोंदवा.

मार्क कसे लावायचे

प्रत्येक तुकड्याला पाच गोष्टींवर ० ते ३ मार्क: लपायची जागा, तापमानातला फरक, खाणं (वारुळं, किडे, उंदीर), पाण्याचा मुक्काम, आणि शेजारच्या तुकड्याशी जोड. धोक्याचे मार्क वेगळे. आता बहुतेक जण याची बेरीज करतात, ती करू नका. लपायला जागा ० असेल तर बाकीचे चार ३-३ असून पण सरडा एक दुपार काढू शकत नाही. म्हणून सगळ्यात कमी मार्क कशाला पडले ते आधी वर लिहा, तीच त्या तुकड्याची खरी अडचण. सरपटणाऱ्यांचा आणि बेडकांचा हिशोब पण वेगळा ठेवा. कोरड्या खडकाळ पट्ट्याला बेडकांसाठी १ पडेल आणि पाली-फुरशांसाठी ३ पडेल, सरासरी काढली तर दोन्ही माहिती जाते.

जोड म्हणजे काय ते नकाशावर दिसतं. दगडी पट्टा, तिथून दगडी ताल, तालीवरून ओढा, ओढ्यावरून पाझर तलाव, अशी साखळी सलग असली तर ३. मध्ये चौपदरी रस्ता किंवा कंपाउंडची भिंत आली तर १ किंवा ०.

हे सगळं झाल्यावर रिपोर्ट ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीला द्या, २००२ च्या कायद्यानं प्रत्येक गावात ही समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही असायला पाहिजे, आणि नोंदवहीत बऱ्याचदा झाडं-पक्षीच असतात, बेडकांचं पान कोरं असतं. एक प्रत वनपरिक्षेत्र कार्यालयात. रिपोर्टमध्ये मागणी नेमकी लिहा: अमुक गटातल्या खडकाळ पट्ट्यात वृक्षारोपणाचे खड्डे घेऊ नयेत, अमुक ताल फोडू नये, अमुक तलावातला वरच्या टोकाचा गाळ तसाच ठेवावा. आणि शेततळेवाल्या शेतकऱ्याला त्याच दिवशी गाठा, चारही कोपऱ्यांत काथ्याचा जाड दोर नाहीतर जुनी गोणपाटं शिवून पट्टी सोडायला सांगा, वरचं टोक काठावर खुंटीला बांधून आणि खालचं दगड बांधून पाण्यात. खर्च जवळपास काहीच नाही, बहुतेक जण ऐकतात. सप्टेंबरच्या पावसात परत जाऊन त्या पट्ट्या जागेवर आहेत का आणि तळ्यात आता मेलेलं काय सापडतंय हे मोजा, म्हणजे पुढच्या शेतकऱ्याला सांगायला तुमच्याकडं आधीचा आणि नंतरचा, दोन्ही आकडे असतील.